घरातला उजेड, फास्ट प्राइम लेन्स आणि एका जागी न बसणारी मुलं

कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ मिलीमीटरच्या लेन्सने सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी मुलांचे फोटो झकास येतात. तीच लेन्स घरात वापरली की चेहरा हललेला, नाहीतर सगळा फोटो दाणेदार. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. ५५पर्यंत झूम केल्यावर ही लेन्स एफ ५.६पेक्षा जास्त उघडतच नाही. (एफ हे अपर्चरचं, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या छिद्राचं माप; आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं.) एफ १.८ची प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची लेन्स, तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते, म्हणूनच तिला फास्ट म्हणतात. आधी १/२५ सेकंदाच्या शटरवर अडकत होतात, तिथे त्याच आयएसओला, म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच संवेदनशीलतेला, १/२५० मिळतं.

हा दहापट उजेड कशावर खर्च करायचा, ते आधी ठरवा. नवे लोक तो सगळा मागची भिंत धूसर करण्यात घालवतात आणि मग एक डोळा स्पष्ट, दुसरा गायब, असे फोटो घेऊन बसतात. मुलांच्या बाबतीत क्रम असा: आधी शटरचा वेग, मग डोळ्यावर फोकस, आणि त्यातून उरलं तर धूसर पार्श्वभूमी.

कोणती लेन्स

सुरुवातीचे बहुतेक कॅमेरे क्रॉप सेन्सरचे, म्हणजे महागड्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांपेक्षा लहान सेन्सरचे असतात. निकॉन, सोनी, फुजीत क्रॉप १.५ पट, कॅननमध्ये १.६ पट. त्यामुळे अशा बॉडीवर ५०ची लेन्स ७५-८०सारखं दृश्य देते. चेहऱ्याला ती सुरेख, पण खोलीत अडचणीची. दीड मीटरवरून तिच्यात साधारण ७० बाय ४७ सेंटीमीटर एवढाच भाग मावतो, म्हणजे बसलेल्या मुलाचा चेहरा आणि छाती. तीन वर्षांचं उभं मूल, उंची अंदाजे ९५ सेंटीमीटर, डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा ठेवून उभ्या फ्रेममध्ये घ्यायचं तर अडीच मीटर मागे सरकावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत कपाट आणि दिवाण वजा केल्यावर अडीच मीटर आणणार कुठून? ३५च्या लेन्सने तेच काम पावणेदोन मीटरवर होतं.

म्हणून क्रॉप बॉडी असेल तर पहिली प्राइम ३५ एफ १.८, फुल फ्रेम असेल तर ५० एफ १.८. एफ १.४च्या मागे लागू नका. अर्ध्याहून थोड्या जास्त स्टॉपसाठी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पैसे बरेच जास्त जातात आणि घरात एफ १.४वर मुलांचे फोटो काढायची वेळ क्वचित येते. ५० आधीच घेतली असेल तर विकायची गरज नाही. खोलीच्या दाराबाहेर उभं राहून आतला फोटो काढता येतो आणि चेहरे, हात, पायाची बोटं यांना तीच लेन्स चांगली. ३५ने मात्र चेहऱ्याच्या तीन फुटांच्या आत जाऊ नका. नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. त्यात दोष लेन्सपेक्षा अंतराचा असतो.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांवर जुनी एएफ-डी लेन्स बसते, पण ऑटोफोकस होत नाही. नावात एएफ-एस हवंच. सेकंडहँड बाजारात ५०ची एएफ-डी स्वस्त दिसते ती बघून फसू नका. कॅननच्या आर मालिकेतल्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या बॉडीवर डीएसएलआरसाठी (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी) बनवलेली ईएफ लेन्स लावायला अ‍ॅडॉप्टर लागतो, तो खर्च धरा. दुसरी गोष्ट कमीत कमी फोकसचं अंतर. निकॉनच्या ५० एफ १.८जीचं ते ४५ सेंटीमीटर आहे, कॅननच्या ईएफ ५० एफ १.८ एसटीएमचं ३५, निकॉनच्या डीएक्स ३५ एफ १.८जीचं ३०. हे अंतर लेन्सच्या काचेपासून नव्हे, कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून मोजतात. रांगणारं बाळ लेन्स पकडायला पुढे आलं आणि कॅमेरा नुसताच घुर्रघुर्र करत फोकस शोधत राहिला, तर बाळ या अंतराच्या आत आलेलं आहे. मागे सरका.

आधी खोली, मग मूल

मुलाला हाक मारण्याआधी दहा मिनिटं खोलीला द्या. या कामात मूल लागत नाही आणि त्याचा कंटाळाही वाचतो.

पहिलं, घरातले सगळे दिवे बंद करा. ट्यूब, एलईडी बल्ब, देवघरातला रंगीत बल्बसुद्धा. खिडकीचा उजेड निळसर असतो, बल्बचा पिवळा, ट्यूबचा कधी हिरवट. दोन्ही एकत्र आले की एक गाल निळा, एक पिवळा होतो आणि असा फोटो संगणकावर धड दुरुस्त होत नाही, कारण एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो. शिवाय स्वस्त एलईडी ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर वेगवान असेल तर एक फोटो उजळ, पुढचा काळपट, आणि मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक शटरवर आडवे पट्टे.

दुसरं, हाताची मूठ करून चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि तिच्याकडे बघत खोलीभर फिरा. खिडकीजवळ मुठीच्या एका बाजूला उजेड, दुसरीकडे हलकी सावली दिसेल. खोलीच्या मध्यात ती सपाट होईल आणि मागच्या भिंतीशी नुसतीच काळपट. उजेड आणि सावलीतला फरक दिसतो पण सावली काळी पडत नाही, ती जागा पक्की करा. सहसा ती खिडकीपासून तीन-चार फुटांवर सापडते. तीन फुटांवर आयएसओ ८०० पुरत असेल तर सहा फुटांवर तेवढ्याच शटरला १६०० ते ३२०० लागतं. खोलीत दोन पावलं इकडे-तिकडे झाल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा महाग लेन्स घेऊनही पडत नाही.

तिसरं, खिडकी कोणती. परदेशी पुस्तकांत उत्तरेची खिडकी सांगतात, कारण तिकडे उत्तरेकडून ऊन क्वचितच आत येतं. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन येतं. उलट डिसेंबर-जानेवारीत भर दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम ५० अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा नसेल तर ऊन पाच-सहा फूट आत फरशीवर पसरतं. तेव्हा दिशेचं नाव विसरा. ज्या खिडकीतून आकाश दिसतं पण ऊन आत पडत नाही, ती त्या वेळची चांगली खिडकी. साधारणपणे सकाळी पश्चिमेची, दुपारनंतर पूर्वेची.

ऊन पडतच असेल तर खिडकीवर पांढरं धोतर किंवा पातळ मलमल ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी गजांना लावा. एकेरी धोतर पुरतं, दुहेरी केलं तर उजेड फार कमी होतो. पडदा रंगीत असेल तर तो पूर्ण बाजूला घ्या. गुलाबी पडद्यातून आलेला उजेड मुलाला गुलाबी करतो. डासांची जाळी बराच उजेड खाते, ती सरकवता येत असेल तर सरकवा. गजांच्या सावल्या मात्र फक्त थेट उन्हातच पडतात, आकाशाच्या उजेडात त्यांची चिंता नको.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पंचाईत वेगळीच. चांगल्या खिडकीत कूलर बसलेला असतो आणि बाकीच्या खिडक्या अकरापासून पाचपर्यंत उकाड्यामुळे बंद. त्या दिवसांत सकाळी साडेसात ते दहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर, एवढीच वेळ धरा. भर दुपारी घामाघूम मूल फोटोला उभं करण्यात काही अर्थ नाही.

खिडकी नसलेल्या घरांत, म्हणजे जुन्या गिरणी चाळींत किंवा पत्र्याच्या खोलीत, दार हीच खिडकी. दार पूर्ण उघडा आणि मुलाला उंबऱ्याच्या आत तीन फुटांवर बसवा. दार जमिनीपर्यंत उघडं असल्यामुळे उजेड खालपर्यंत मिळतो, त्यामुळे जमिनीवर बसलेल्या बाळासाठी बऱ्याच फ्लॅटच्या खिडक्यांपेक्षा ते सरस. बाहेर ऊन असलेलं अंगण असेल तर त्यावरून परतणारा उजेड आत येतो. ते अंगण लाल मातीचं की सिमेंटचं, त्याप्रमाणे रंग मात्र बदलतो.

चौथं, फरशी आणि भिंती. जुन्या घरातली शहाबादी फरशी करडी आणि काळपट, ती उजेड गिळते. हनुवटीखाली आणि डोळ्यांखाली सावल्या पडतात. पांढऱ्या टाइल्सवर ही अडचण नसते. शहाबादीवर मुलाच्या समोर, फ्रेमच्या बाहेर, पांढरी चादर अंथरा किंवा मोठा पांढरा टर्किश टॉवेल टाका. सोलापुरात त्याची कमतरता कुणाच्याच घरी नसावी. मुलाच्या खिडकीविरुद्ध बाजूला दोन-तीन फुटांवर पांढरी कार्डशीट किंवा टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उभा केला की सावलीतला गाल उजळतो. आणखी जवळ आणला तर जास्त उजळतो, लांब नेला तर कमी. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल यासाठी वापरू नका, तिचे ठिपक्या-ठिपक्यांनी चकाके चेहऱ्यावर येतात.

सोलापुरी चादरीबद्दल एक सूचना. मयूर नक्षीची लाल किंवा गर्द निळी चादर फोटोत देखणी दिसते, पण मूल तिच्यावर पालथं पडलं की तिचा रंग हनुवटीवर आणि गालावर चढतो. चादर मागे टांगा किंवा मुलाच्या मागच्या बाजूला अंथरा, चेहऱ्याच्या समोर येऊ देऊ नका. पिस्ता रंगाच्या भिंतीलाही हाच नियम. मूल भिंतीपासून निदान चार फूट पुढे घ्या: रंगही चढत नाही आणि भिंत आपोआप धूसर होते.

मुलाला कुठल्या कोनात बसवायचं

नवीन माणसाने तिरक्या उजेडापासून सुरुवात करावी. मुलाचं तोंड खिडकीकडे थोडं वळलेलं, खिडकी त्याच्या डाव्या किंवा उजव्या गालासमोर ४५ अंशांवर, आणि तुम्ही खिडकीला जवळजवळ पाठ लावून एका बाजूला. खात्री करायची खूण डोळ्यांत सापडते. दोन्ही बुबुळांच्या वरच्या भागात खिडकीचा लहानसा पांढरा चौकोन दिसला पाहिजे. तो एकाच डोळ्यात दिसत असेल तर मूल जास्त वळलंय. कुठेच नसेल तर डोळे मेलेले दिसतील, मग हसू कितीही गोड असो.

खिडकी मुलाच्या मागे ठेवून काढलेला फोटो, केसांच्या कडा चमकणारा, सगळ्यांना आवडतो, पण तो दुसऱ्या आठवड्यासाठी ठेवा. त्यात चेहऱ्याला समोरून उजेड देणारी पांढरी भिंत किंवा चादर लागते, एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, सव्वा-दीड स्टॉप वर न्यावं लागतं आणि फोकस वारंवार खिडकीच्या गजांवर जाऊन बसतो. दुकानदाराने लेन्सवर फुकट लावून दिलेला यूव्ही फिल्टर अशा वेळी काढून ठेवा. त्यातून फोटोवर धुरकट पांढुरका थर येतो.

कॅमेऱ्यातली मांडणी

१. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरवरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये, फोटो काढा, जमत नसेल तर रॉ आणि जेपेग दोन्ही.

२. मोड मॅन्युअल ठेवा, आयएसओ ऑटो. अपर्चर एफ २.२, शटर १/२५०, ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४००. हे सुरुवातीचं सेटिंग झालं. खिडकीपासून तीन-चार फुटांवर, ढग नसलेल्या सकाळी, आयएसओ साधारण ४०० ते ८०० दाखवेल.

३. शटर मुलाच्या हालचालीनुसार बदला. झोपलेलं बाळ १/१२५, बसून खेळणारं १/२५०, रांगणारं किंवा मान हलवत बोलणारं १/४००, नाचणारं १/८००. गप्प बसलेल्या मुलाचासुद्धा हात सारखा चालू असतो, म्हणून मूल जागं असेल तर १/२००च्या खाली जाऊ नका.

४. आयएसओला घाबरू नका. आयएसओ ३२००वर नीट उजळ घेतलेला फोटो थोडा दाणेदार दिसतो, पण ८००वर काळा घेऊन नंतर संगणकावर उजळलेला त्याहून वाईट. आणि दाणे कमी करता येतात, हललेला चेहरा मात्र कोणत्याच सॉफ्टवेअरने सरळ होत नाही.

५. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग सांभाळणारं सेटिंग, ऑटोवर सोडू नका. ऑटो प्रत्येक फोटोला चादरीचा रंग बघून आपलं मत बदलतो. 'ढगाळ' किंवा 'सावली' हा पर्याय निवडा. ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला प्रमाण धरायचं करडं कार्ड, असेल तर मुलाच्या हातात देऊन एक फोटो घ्या. साधा कागद यासाठी चालवू नये, त्याला पांढरं दिसण्यासाठी लावलेल्या रसायनाने तो किंचित निळा असतो.

६. फ्लॅश बंद. काही कॅमेरे ऑटो मोडमध्ये तो स्वतःच उघडतात, मॅन्युअलमध्ये हा प्रश्न येत नाही. फोकस शोधण्यासाठी लागणारा पुढचा छोटा दिवाही मेन्यूतून बंद करा. मुलं हसू सोडून त्या दिव्याकडे बघत बसतात.

मूल एकाच जागी पाच-दहा मिनिटं बसणार असेल, उदाहरणार्थ पाटी-खडू घेऊन, तर आयएसओही स्वतः ठरवून कायम ठेवा. मग काळा फ्रॉक आला काय आणि पांढरा टॉवेल आला काय, चेहऱ्याचा उजळपणा बदलत नाही. पावसाळ्यात ढग येत-जात असतील तेव्हा मात्र ऑटोच बरा.

फोकस

बहुतेक फोटो इथेच हातचे जातात, तेव्हा आकडे नीट बघा. क्रॉप बॉडीवर ५०ची लेन्स, एफ १.८, अंतर दीड मीटर: स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे सहा सेंटीमीटर. अंतर एक मीटर केलं तर तो तीन सेंटीमीटरच्याही आत येतो. एफ २.८वर दीड मीटरला तो दहा सेंटीमीटरच्या आसपास असतो, म्हणजे नाकापासून कानापर्यंत बहुतेक सगळं मावतं. म्हणूनच वर एफ २.२ सांगितलं. थोडी मोकळीक मिळते आणि एफ १.८पेक्षा लेन्सही जरा जास्त तीक्ष्ण होते. ३५च्या लेन्सला त्याच अंतरावर पट्टा जवळपास दुप्पट मिळतो. नवशिक्याने ३५ का घ्यावी, याचं हे आणखी एक कारण.

कॅमेरा सतत फोकसवर ठेवा. निकॉन-सोनीत तो एएफ-सी, कॅननच्या डीएसएलआरमध्ये एआय सर्व्हो. एकदाच फोकस लॉक करणारा मोड फळं आणि मूर्तींसाठी ठीक. मूल अर्ध्या सेकंदात पाच सेंटीमीटर पुढे झुकतं आणि तुमचा सगळा पट्टाच सहा सेंटीमीटरचा आहे.

मिररलेस असेल तर डोळा ओळखणारा ऑटोफोकस सुरू करून हा विषय बंद करा. डीएसएलआर असेल तर एकच फोकस पॉइंट निवडा. डी३५००च्या अकरा आणि कॅनन १५००डीच्या नऊ पॉइंटांपैकी फक्त मधला क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा असतो. मंद उजेडात तोच भरवशाचा. यावर जुना उपाय म्हणजे मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस घेऊन मग फ्रेम वळवायची. एफ १.८वर जवळून हे करू नका. कॅमेरा वळवताना फोकसचं प्रतलही वळतं आणि डोळा पट्ट्याबाहेर जातो. त्याऐवजी मधला पॉइंट डोळ्यावरच ठेवा, थोडी सैल फ्रेम घ्या आणि नंतर कापा. २४ मेगापिक्सेलमधून एक तृतीयांश कापला तरी ८ बाय १२ इंचाच्या प्रिंटला पुरून उरतं.

डोळा कोणता? कॅमेऱ्याच्या जवळचा. दोन भावंडं असतील तर दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणा, मांडीला मांडी लावून, आणि अपर्चर एफ ४ करा. मोठीच्या मांडीवर धाकटा बसवला तर तो किमान वीतभर पुढे येतो आणि एफ २.२वर ताई धूसर.

तीन-तीन फोटोंचे छोटे बर्स्ट काढा. शटर दाबून धरून तीस-तीस काढले तर निवडण्यात रात्र जाईल आणि एंट्री-लेव्हल बॉडीचा बफर, म्हणजे तात्पुरती मेमरी, भरून ऐन वेळी कॅमेरा अडेल.

मुलाकडून फोटो मिळवणं

कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. रांगणाऱ्या बाळासाठी सतरंजीवर पालथं पडा, बसलेल्यासाठी मांडी घाला. उभ्याने खाली बघून काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पाय चिमुकले आणि मागे नुसती फरशी येते.

तान्ह्या बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून, शेक-धुरी झाली की ते गाढ झोपतं. ही वेळ फोटोला उत्तम, पण धुरीनंतर लगेच नको. खोलीत धूर तरंगत असेल तर फोटो फिकट, कॉन्ट्रास्ट गेलेला येतो. खिडक्या उघडून वीस मिनिटं जाऊ द्या. कपाळावर तेलाची चकाकी असेल तर मऊ कापडाने टिपून घ्या. काजळ पसरलं असेल तर पुसा, गालावरची तीट राहू द्या. पाळण्यावर वाकून फोटो काढताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात किंवा मनगटाला गुंडाळलेला हवाच आणि लेन्सचं झाकण खिशात. तान्ह्याला उशांचा टेकू देऊन बसवणं, टोपलीत मान टेकवणं हे प्रकार घरी करू नयेत. बाळाची मान धरायला एक माणूस लागतोच.

एक ते चार वर्षांच्या मुलाला 'इकडे बघ, हस' म्हणू नका. दात विचकलेला फोटो मिळतो. हाताला काम द्या. आजी भाकरी थापत असेल तर पिठाचा एक गोळा, पाण्याची वाटी आणि डबे, शेंगा सोलायला. काम खिडकीकडच्या बाजूला मांडा, मूल आपोआप योग्य तोंड करून बसतं. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर हाक त्याच भाषेत मारायला घरच्याच कुणाला तरी सांगा. हाक मारणाऱ्याने तुमच्या डोक्याच्या अगदी मागे उभं राहावं, बाजूला नको, नाहीतर प्रत्येक फोटोत नजर फ्रेमबाहेर. पंधरा-वीस मिनिटांत मूल कंटाळतं. तेव्हा थांबा, ओढाताण करू नका.

बोरन्हाणाचे फोटो

घरातलं सगळ्यात अवघड काम हे, आणि दर संक्रांतीला ते कुणीतरी नव्या कॅमेरावाल्याच्या गळ्यात मारतंच. काळे कपडे, पांढरे हलव्याचे दागिने, वरून पडणारी बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, आणि सभोवती वेचायला टपलेली पोरं.

पाट कुठे मांडायचा हे आधी तुम्हीच ठरवा. औक्षण झाल्यावर तो हलवता येत नाही. खिडकीपासून चार फुटांवर, खिडकी मुलाच्या एका बाजूला. जानेवारीत दुपारी दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पाटावर येतं, त्यावर धोतर लावा किंवा कार्यक्रम चारनंतर ठेवायला सांगा. मात्र पाचच्या पुढे ढकलू नका, उजेड भराभर उतरतो. बायकांना पाटाच्या मागे आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला उभं राहायला सांगा. खिडकी आणि मुलाच्या मध्ये कुणी उभं राहिलं की संपलंच.

औक्षणापर्यंत १/२५० आणि एफ २.८. निरांजनाची ज्योत पिवळी दिसेल, ती तशीच बरी दिसते. बोरं ओतायला सुरुवात होण्याआधी शटर १/१०००, अपर्चर एफ २.८, आयएसओ ३२००पर्यंत जाऊ द्या. कारण साधं: हातातून फूटभर खाली आलेलं बोर सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाने पडतं. १/२५० सेकंदात ते एक सेंटीमीटर सरकतं, म्हणजे बोराऐवजी तपकिरी रेघ येते. १/१०००ला ते अडीच मिलीमीटर सरकतं आणि बोर बोरासारखं दिसतं.

फोकस चेहऱ्यावर धरून ठेवा, पडणाऱ्या बोरांवर कॅमेरा घसरतोच. निकॉन आणि कॅननच्या बऱ्याच बॉडीत फोकस मागच्या बटणावर नेता येतो. पाट हलणार नाही, मूलही बहुतेक जागचं हलणार नाही, म्हणून एकदा फोकस घेऊन बटण सोडून द्या आणि फक्त शटर दाबत राहा. ओतणाऱ्या काकूंना वाटी मुलाच्या डोक्यावर दीड फूट धरून हळूहळू रिकामी करायला सांगा. एकदम उलटली तर तुमच्या हातात जेमतेम एक सेकंद असतो आणि मूल रडतं ते वेगळंच.

काळ्या कपड्यांनी कॅमेरा फसतो. त्याला वाटतं दृश्य अंधारं आहे, म्हणून तो सगळं उजळवतो आणि हलव्याचा मुकुट नुसता पांढरा डाग होतो. ऑटो आयएसओ असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन -०.७ ते -१ ठेवा. मॅन्युअलमध्ये ही सोय देत नाहीत असेही कॅमेरे आहेत. तिथे आयएसओ स्वतः ठरवा. पडद्यावर मुकुट मोठा करून बघा, हलव्याचे काटे वेगळे दिसले की एक्सपोजर बरोबर.

बिघडलं तर कारण कसं शोधायचं

फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करा. चेहरा हलल्यासारखा आहे पण मागची भिंत स्पष्ट: मूल हललं, शटर वाढवा. भिंत, चेहरा सगळंच एका दिशेला ओढलेलं: तुमचा हात हलला. चेहऱ्यावर काहीच स्पष्ट नाही, पण कान किंवा झबल्याची किनार मात्र सुरेख आली आहे: फोकस मागे पडला. हे अधूनमधून होत असेल तर मूल पुढे झुकतंय. प्रत्येक फोटोत, स्थिर वस्तूवरही तसंच होत असेल तर डीएसएलआर आणि लेन्सचं जुळत नाही. खात्रीसाठी टेबलावर पाच पेन्सिली दोन-दोन सेंटीमीटर पुढे-मागे उभ्या करा, मधलीवर एफ १.८ने फोकस घ्या आणि कोणती स्पष्ट येते ते बघा. महागड्या बॉडीत हे दुरुस्त करायचं सेटिंग असतं. स्वस्त बॉडीत नसेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, फोकस घ्या. तिथे तो थेट सेन्सरवरूनच होतो, फक्त जरा हळू.

संगणकावर

आधी व्हाइट बॅलन्स, मग उजळपणा, मग थोडा नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणे कमी करणं. एका जागी काढलेल्या सगळ्या फोटोंना एकच सेटिंग चिकटवा. कातडी गुळगुळीत करणारी आणि गोरी करणारी बटणं मुलांच्या फोटोंना लावू नका, गालावरची लव आणि खरा रंग दोन्ही जातात. आजी-आजोबांसाठी प्रिंट काढायच्या तर ४ बाय ६ इंच मागा. ३:२च्या फ्रेमला तो आकार तंतोतंत बसतो, ५ बाय ७ला कडा कापल्या जातात. मोबाइल आणि संगणकाचा पडदा स्वतः उजळ असतो, कागद नसतो, म्हणून दुकानात देण्याआधी फोटो पाव-अर्धा स्टॉप उजळ करून एकच प्रिंट काढून बघा आणि मगच बाकीच्या द्या.